पानाची पारख

(जबलपूर येथील मराठी वाचकांपुढे दिवाळीच्या सुटीत अनुवादकाने दिलेले व्याख्यान)



दिवाळीच्या सुटीत ग्रंथालयात व्याख्यान ठेवावे आणि त्याचा विषय क्यूबाची सिगार असावा, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. मलाही ते तसेच वाटते. मी धूम्रपान करीत नाही. परंतु आपला विषय निवडण्याचे स्वातंत्र्य अनुवादकाला नेहमीच असते असे नाही. तंबाखूच्या इतिहासावरील एक ग्रंथ भाषांतरासाठी माझ्याकडे आला. त्यातील शेती, व्यापार, कर आणि गुलामगिरी यांवरील प्रकरणे मी यथाकाल पूर्ण केली. मात्र उत्तम सिगारचा आस्वाद कसा घ्यावा आणि तिची प्रतवारी कशी ठरवावी, हे सांगणाऱ्या एका लहानशा प्रकरणापाशी मी अडलो, आणि तीन महिने अडूनच राहिलो. त्या अडण्याची आणि त्यातून सुटण्याची हकीकत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

अडचण प्रथम शब्दांची होती. सिगार ही सबंध तंबाखूच्याच पानांची असते; कागदाचा तिच्याशी संबंध नाही. तिची अंगे तीन. सर्वांत बाहेर एक नितळ, लवचीक, पातळ पान. त्याला क्यूबात ‘कापा’ म्हणतात. त्याच्या आत, साऱ्या गुंडाळीला घट्ट धरून ठेवणारे दुसरे पान, ते ‘कापोते’. आणि गाभ्यात लांबट दुमडून घातलेली निरनिराळ्या जातीची पाने, ती ‘त्रिपा’. मी एम. ए. ला मराठी घेतलेला मनुष्य. पारिभाषिक शब्द घडविण्याची खोड आम्हांला असतेच. मी ‘आवरणपर्ण’, ‘बंधनपर्ण’ आणि ‘पूरकपर्ण’ असे तीन शब्द सिद्ध केले. दुसऱ्या दिवशी ते मोठ्याने वाचले, तेव्हा एखाद्या काढ्याच्या बाटलीवरील चिठ्ठी वाचीत आहोत असे वाटले. शब्द व्याकरणाने शुद्ध होते. पण त्यांतून पान दिसत नव्हते.

अशा स्थितीत दिवाळी आली, आणि परदेशी असलेले माझे आतेभाऊ सुटीत घरी आले. मी कोठे अडलो आहे हे त्यांना पत्राने कळले होते. त्यांनी येताना सीडरच्या लाकडाच्या लहानशा पेटीत दोन क्यूबन सिगारी आणल्या. ‘चव न घेता पाककृतीचे भाषांतर करू नये,’ एवढेच ते म्हणाले. भाऊबीजेचे जेवण झाल्यावर आम्ही अंगणात खुर्च्या टाकल्या, मी माझे हस्तलिखित मांडीवर घेतले, आणि त्या प्रकरणातील एकेक सूचना वाचून तिचा पडताळा घेऊ लागलो.

पहिली सूचना अशी, की सिगार पेटविण्यापूर्वी पुरती पाहावी. वरच्या पानाचा रंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा असावा. शिरा ठसठशीत नसाव्यात. पानाला किंचित तेलाची झाक असावी. कारण कोरडे पडलेले पान तडकते आणि जळताना कडवट होते. म्हणूनच सिगारी दमट हवेत जपतात. त्या हवेतील आर्द्रता शेकडा सत्तरच्या आसपास असावी, असा संकेत आहे. वरच्या पानाची तंबाखू क्यूबाच्या पश्चिमेकडील पिनार देल रिओ प्रांतात पातळ कापडाच्या मांडवाखाली वाढवितात. ऊन गाळून आले म्हणजे पान मोठे, पातळ आणि नितळ होते. गाभ्याची तंबाखू मात्र उघड्या उन्हात वाढते. एकाच झाडाच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या पानांना वेगळी नावे आहेत. खालचे पान ‘वोलादो’. ते चांगले जळते. मधले ‘सेको’, त्याला सुगंध असतो. वरचे ‘लिखेरो’, सर्वांत अधिक ऊन खाल्लेले, म्हणून सर्वांत कडक. या तिघांच्या प्रमाणावर सिगारचा स्वभाव ठरतो. ही पाने वाळवून, ढीग रचून आंबविली जातात. ढिगात आपोआप उष्णता निर्माण होते आणि पानाचा उग्रपणा ओसरतो. पुढे ती मुरत ठेवतात, आणि कडक पान तर वर्षानुवर्षे मुरावे लागते.

दुसरी सूचना अशी, की सिगार बोटांनी हलके दाबीत जावे. कोठे गाठ लागली तर तेथे धूर अडणार. कोठे पोकळ लागली तर ती तेथे भराभर जळून गरम होणार.

हे मी वाचीत होतो तेव्हा शेजारच्या मावशी फराळाचे ताट परत द्यावयास आल्या होत्या. त्या मूळच्या गोंदियाकडच्या, लग्न होऊन जबलपुरात आलेल्या. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी घरी बसून विड्या वळल्या. आता डोळ्यांनी साथ सोडल्यामुळे ते काम थांबले आहे. आतेभावांनी थट्टेने सिगार त्यांच्या हातावर ठेवली. मावशींनी ती पाहिलीच नाही. अंगठा आणि दोन बोटे यांमध्ये धरून त्यांनी ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच फिरविली आणि मध्यावर थांबून म्हणाल्या, ‘इथं थोडी ढिली हाये, बाबू. बाकी हात चांगला हाये.’ मग दुसरी हाती घेऊन म्हणाल्या, ‘ही बराबर.’ 

माझ्या मांडीवरच्या कागदांवर जे दोन पृष्ठांत सांगितले होते, ते त्यांच्या बोटांनी क्षणात केले. मी उत्सुकतेने सिगारचे उघडे टोक दिव्यापुढे धरून त्यांना आतल्या गुंडाळ्या दाखविल्या आणि यांना काय म्हणाल असे विचारले. त्या म्हणाल्या, ‘काय म्हणायचं? हे वरचं पान. हे बांधायचं पान. अन् आत भरण.’

श्रोतेहो, तीन महिन्यांची माझी अडचण तेथे संपली. ‘वरचे पान’, ‘बांधणीचे पान’ आणि ‘भरण’ हेच शब्द आता पुस्तकात आहेत. ते मी घडविलेले नाहीत.

यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. ‘विडी’ हा शब्दच ‘वीटिका’ या संस्कृत शब्दापासून आलेला. विड्याच्या पानाची गुंडाळी ती वीटिका. ‘चिरूट’ हा शब्द तमिळ ‘सुरुट्टु’ पासून निघाला, आणि त्याचाही अर्थ गुंडाळी असाच आहे. १४९२ साली कोलंबसाच्या तांड्यातील दोघांनी क्यूबात तेथील मूळ रहिवाशांना पानांच्या गुंडाळ्या पेटवून धूर घेताना पाहिले, तेव्हा युरोपला या गोष्टीची प्रथम ओळख झाली. गुंडाळण्याचे हे कसब राजवाड्यात जन्मलेले नाही. ते हाताचे आणि पानाचे आहे. आपण एका गुंडाळीला प्रतिष्ठा दिली आणि दुसरीला दिली नाही, एवढेच.

आणि हे आपल्या शहराइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असावे? १८७० साली मुंबईहून आलेला लोहमार्ग जबलपूर येथे अलाहाबादकडून आलेल्या मार्गाला मिळाला. सभोवतीच्या जंगलांत तेंदूची झाडे विपुल. महाराष्ट्रात आपण त्यांना टेंभुर्णी म्हणतो. गुजरातेतील चरोतर भागातून आणि दक्षिणेकडे निपाणीहून तंबाखू येऊ लागली. १९०२ च्या सुमारास मोहनलाल हरगोविंददास यांच्या नावाने येथे विडीचा कारखानदारी धंदा सुरू झाला. पुढे स्वदेशीच्या चळवळीत परदेशी सिगारेटीवर बहिष्कार पडला, त्याचाही या धंद्याला हातभार लागला. सागर, दमोह, गोंदिया, भंडारा या भागांत घरोघर सूप, कात्री आणि सूत दिसू लागले.

विडीच्या पानाचीही पारख काही कमी नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी तेंदूची झुडपे छाटतात, म्हणजे त्यांना कोवळी, मोठी पाने फुटतात. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत त्यांची तोड चालते. पन्नास पानांची एक गड्डी बांधून ती फडावर उन्हात वाळवितात. या व्यापाराचे नियमन करण्यासाठी मध्य प्रदेशात १९६४ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून त्याचे महत्त्व ध्यानात येईल. वळणारी बाई पान भिजवून मऊ करते. क्यूबातला कारागीरही पान ओलसर करूनच हाती घेतो. मग ती पत्र्याच्या मापाने पान कापते, जाड शिरा टाळते, त्यात सुमारे एकपंचमांश ग्रॅम तंबाखू पसरते, गुंडाळते, तोंड दुमडते आणि सुताने बांधते. मध्यम आकाराच्या एका सिगारीत दहा ग्रॅमच्या आसपास तंबाखू असते. म्हणजे तेवढ्यात पन्नासेक विड्यांचे भरण होईल. क्यूबातील कुशल कारागीर दिवसात शंभराच्या आसपास सिगारी वळतो. विडीचा हिशेब मात्र हजारी असतो.

आता त्या रात्रीकडे वळतो. आतेभावांनी सिगारीचे बंद टोक लहानशा सुरीने कापले. लायटरच्या तेलाचा वास लागू नये म्हणून काडी ओढली, आणि काडीचे गंधक जळून जाईपर्यंत ते थांबले. पेटविण्यापूर्वी एक कोरडा झुरका घेऊन त्यांनी ती माझ्याकडे दिली. न पेटविलेल्या पानातून येणाऱ्या त्या हवेला सुक्या गवताचा आणि किंचित कोकोचा वास होता. मग ज्योत टोकाला न टेकविता त्यांनी सिगार फिरवीत फिरवीत शेकली आणि पेटविली. धूर तोंडातच ठेवावयाचा, छातीत घ्यावयाचा नाही. मिनिटाला एखादा झुरका, त्याहून अधिक घाई नाही.

जाणकार सिगारीचे तीन भाग मानतात. पहिल्या तृतीयांशात ती सौम्य असते. मधल्या भागात भरणातील निरनिराळी पाने एकत्र बोलू लागतात. त्या वेळी मला भाजलेल्या शेंगदाण्याची, ओल्या मातीची आणि जिऱ्याच्या जवळपासची अशी काहीशी चव जाणवली. शेवटच्या भागात ती कडक होते. राख दोन बोटे लांब वाढली तरी गळाली नाही. ‘राख धरून राहते याचा अर्थ आत अखंड पाने आहेत, चुरा नाही,’ असे आतेभाऊ म्हणाले. राखेवरून तंबाखू ओळखण्याची ही कल्पना आपल्याला शेरलॉक होम्समुळे परिचित आहे. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्याच कथेत तो खोलीतील राखेवरून तिरुचिरापल्लीचा चिरूट ओळखतो. म्हणजे तेथेही शोध लागला तो आपल्याकडच्या गुंडाळीचाच. संपत आलेली सिगार चिरडून विझवू नये, तिला आपोआप विझू द्यावे, ही प्रकरणातील अखेरची सूचनाही आम्ही पाळली. मला त्यात आनंद वाटला नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. अंगणात पणत्या होत्या, हवेत थोडा गारवा होता, आणि तासभर आम्ही कोणीही घाई केली नाही.

ज्या सिगारीला मावशींनी ढिली म्हटले होते, ती आतेभाऊ ओढीत होते. ती मध्यावर येताच एका बाजूने भराभर जळू लागली.

मावशी पायरीवर बसून हे सारे पाहत होत्या. सिगारीची किंमत त्यांनी विचारली, आणि ऐकल्यावर काही हिशेब मनातल्या मनात केला. तो त्यांनी आम्हांला सांगितला नाही. मग त्यांनी विचारले, ‘याची छाट कोण करते, बाबू?’

छाट हा शब्द आपल्यापैकी ज्यांच्या घरात विड्या वळल्या गेल्या, त्यांना समजावून सांगावा लागणार नाही. इतरांसाठी सांगतो. बाई आठवड्याचा किंवा दिवसाचा माल घेऊन सट्टेदाराकडे जाते. तेथे तपासणारा मनुष्य ढिगातून मूठभर विड्या उचलतो. ढिली, आखूड, फाटलेली, वाकडी विडी बाजूला पडते, ती छाट. छाटलेल्या विडीची मजुरी मिळत नाही. पाने आणि तंबाखू मोजून दिलेली असल्यामुळे तूट आली तर ती भरून द्यावी लागते. आणि मुळात पानेच फाटकी मिळाली असली तर तो दोष कोणाचा, हे विचारण्याची सोय नसते. मावशी म्हणाल्या, की एका साली सणाच्या आदल्या दिवशी त्यांच्या एका हजारातल्या दोनशे विड्या छाटल्या गेल्या. त्या विड्या फेकल्या गेल्या नाहीत, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. त्या सणाला घरात गोड झाले नाही. ‘हात माझा तोच होता,’ त्या म्हणाल्या, ‘पण त्या दिवशी त्याचा दाम झाला नाही.’

मी हस्तलिखित पुन्हा चाळले. रंग, शीर, दाब, झुरका, राख, सुगंध, चवीचा टिकाऊपणा, सारे निकष तेथे क्रमवार दिले होते. सिगार ढिली निघाली तर रसिकाने ती बाजूला ठेवावी, असेही लिहिले होते. बाजूला ठेवलेल्या सिगारीचे पैसे शेवटी कोणाच्या पदरातून जातात, हा प्रश्न त्या प्रकरणाने उपस्थितच केला नव्हता. एकाच कृतीला आपण दोन नावे देतो. आरामखुर्चीत बसून केली तर ती रसिकता, आणि सट्टेदाराच्या ओट्यावर केली तर ती छाट. पहिलीत चुकले तर एक संध्याकाळ थोडी बेचव होते. दुसरीत चुकले, किंवा मुद्दाम चुकविले, तर एका घरची चूल अडते.

हा भेद कायद्याच्याही लक्षात आला होता. १९६६ साली संसदेने विडी आणि सिगार कामगारांच्या नोकरीच्या अटींविषयी अधिनियम केला. त्याच्या नावातच विडी आणि सिगार शेजारी शेजारी बसल्या. घरी बसून काम करणाऱ्या बाईलाही त्याने कामगार मानले. त्याखालील महाराष्ट्राच्या नियमांत ‘छाट’ हा शब्द जसाच्या तसा आला, आणि सामान्यतः शेकडा पाचाहून अधिक विड्या छाटू नयेत असे बंधन घातले गेले. कारखानदारांनी आव्हान दिल्यावर १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने अधिनियम वैध ठरविला. १९७६ साली विडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा झाला. पुढे २०२० सालच्या संहितेत १९६६ चा अधिनियम समाविष्ट करण्यात आला. कागदावर पाच असलेली मर्यादा ओट्यावर वीस कशी होते, हे मावशींनी सांगितलेच आहे.

ज्यांनी तंबाखू पिकविली त्यांचीही एक हकीकत मराठी मनाला विसरता येणार नाही. निपाणीच्या शेतकऱ्यांनी भावासाठी १९८१ च्या मार्च महिन्यात शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडले. ६ एप्रिल रोजी गोळीबार झाला आणि बारा जण मृत्युमुखी पडले. विडीच्या धुरात ही नावे दिसत नाहीत. सिगारीच्या कागदी पट्टीवरही कोणाच्या शेताचे नाव नसते.

आपण ग्रंथालयात बसलो आहोत, म्हणून एक गोष्ट अवश्य सांगितली पाहिजे. १८६५ साली हवाना येथील ‘एल फिगारो’ या सिगारच्या कारखान्यात कामगारांनी एक प्रथा सुरू केली. एकाने उंच जागी बसून मोठ्याने वाचावे, आणि इतरांनी वळता वळता ऐकावे. वाचणाऱ्याचा मोबदला कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. वर्तमानपत्रे वाचली जात, तशा कादंबऱ्याही वाचल्या जात. पुढच्याच वर्षी सरकारने या वाचनावर बंदी घातली. कारण ऐकणारे हात विचारही करू लागले होते. ती प्रथा पुन्हा सुरू झाली आणि टिकून राहिली. ‘मोंतेक्रिस्तो’ हे प्रसिद्ध नाव अलेक्झांडर ड्यूमाच्या कादंबरीवरून आले. कामगारांना ती फार आवडे, म्हणून ते दिले, असे सांगतात. आपल्याकडे केरळातील विडी कामगारांतही वर्तमानपत्र मोठ्याने वाचण्याची अशीच रीत होती. १९६६ च्या अधिनियमामुळे मालकांनी कारखाने बंद केले, तेव्हा तेथील कामगारांनी १९६९ साली कन्नूर येथे ‘दिनेश’ ही आपली सहकारी संस्था उभी केली. घरोघर एकट्या बसून वळणाऱ्या आमच्याकडील बायकांना मात्र कोणी वाचून दाखविले नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. सिगारीचा धूर छातीत घेतला नाही तरी निकोटिन तोंडाच्या त्वचेतून शरीरात जाते, आणि तोंडाचा व घशाचा कर्करोग त्यातून संभवतो. विडी वारंवार ओढून पेटती ठेवावी लागते, म्हणून तिचा धूर कमी घातक ठरत नाही. वळणाऱ्या बाईच्या छातीत तंबाखूची धूळ जाते ती वेगळीच. मावशींचा खोकला आमच्या गल्लीला परिचित आहे. त्या रात्रीनंतर मी पुन्हा सिगार ओढलेली नाही, आणि हे ऐकून कोणी ती ओढावी अशी माझी इच्छा नाही.

मग एवढे सांगण्याचा हेतू काय? हेतू हा, की ज्या वस्तूची पारख आपण करतो, ती करणाऱ्या हाताचीही ओळख त्या पारखीत असली पाहिजे. मूळ ग्रंथकाराचे निकष मी बदलले नाहीत. तो अनुवादकाचा अधिकार नव्हे. परंतु त्या प्रकरणातील शब्द मी मावशींकडून घेतले आहेत. आपण ते प्रकरण वाचाल तेव्हा ‘वरचे पान’, ‘बांधणीचे पान’ आणि ‘भरण’ हे शब्द कोठून आले ते आपल्याला ठाऊक असेल. ‘नाकारणे’ या अर्थाचा मूळ शब्द जेथे आला, तेथे मी ‘छाट’ हा शब्द योजला आहे. 

छापील पुस्तकाची पहिली प्रत हाती आल्यावर मी ती घेऊन मावशींकडे गेलो आणि ते प्रकरण त्यांना वाचून दाखविले. त्या लक्षपूर्वक ऐकत होत्या. मध्ये त्यांनी पुस्तक हाती घेतले, अंगठा आणि दोन बोटे यांमध्ये धरून एकदा पानांवरून फिरविले, आणि म्हणाल्या, ‘कागद चांगला हाये. पुढं वाच.’